पडाव

सँटोरिनीच्या फिरा गावाखाली मोठ्या जहाजाला लागायला धक्काच नाही. ज्वालामुखी खचून समुद्र आत शिरला, त्याच खोलगटात आपण उभे असतो. कडा सरळ पाण्यात उतरतो, तळ शेकडो मीटर खाली, त्यामुळे नांगर टाकायचीही पंचाईत. मग जहाज बाहेरच थांबतं आणि काठावरून लहान बोटी येऊन माणसं उतरवून नेतात.

आई एकोणऐंशी वर्षांची. हे सगळं मी तिला आदल्या रात्री नीट समजावून दिलं होतं. सकाळी जहाजाच्या कुशीतलं दार उघडलं. खाली बोट हेलकावत होती. खलाशी दंड धरायला पुढे झाले, पण आई थबकली. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, बोट वर येताच अलगद पाय टाकला आणि जाऊन बसलीसुद्धा. तोवर बायकोने डोळे मिटून घेतले होते. आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "अरे, ह्यो पडावच मरे!"

मुलांना पडाव म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मलाही ऐकूनच. आईच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट मालवणला बाहेर उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे. लाट वर आली की पाय टाकायचा, हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलेलं. पावसाळ्यात बोटी बंद. आजी तर मुंबईचं बंदर मागे पडेपर्यंत हात जोडून बसायची. 17 जुलै 1947 ला रेवसच्या वाटेवर रामदास बोट बुडून सहाशेवर माणसं गेली होती, ते तिच्या मनातून गेलं नाही. आमच्या जहाजावर पहिल्याच दिवशी संकटात कुठे जमायचं याची तालीम झाली. हातात पेयाचे ग्लास घेऊन लोक गप्पा मारत होते. लक्ष देऊन ऐकणारी बहुधा आई एकटीच.

बाकी जहाजावर तिचं काही अडलं नाही. धाकटीला मात्र बोट लागली. "बोट लागली म्हणजे पोहोचलो ना?" असं तिने उलट्या थांबल्यावर विचारलं, तेव्हा सगळे हसलो. आईने पिशवीतून आवळासुपारी काढली.

रोज रात्री केबिनमध्ये एक कागद यायचा: उद्याचं बंदर, उतरायची वेळ, परतायची वेळ. ऱ्होड्सच्या वाट्याला एक दिवस, मिकोनोसच्या वाट्याला त्याहून कमी. मी कागद खिशात ठेवून सगळ्यांना हाकत होतो. ऱ्होड्सच्या तटबंदीपेक्षा मला माझं घड्याळच जास्त आठवतं, हे कबूल करायला हवं. आई प्रत्येक ठिकाणी उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या गर्दीकडे बघायची. पाट्या धरून उभे असलेले सहलवाले, टॅक्सीवाले. काय शोधतेस विचारलं तर म्हणायची, "काय नाय."

माल्टाला व्हॅलेटाच्या धक्क्यापाशी नाळेवर दोन डोळे रंगवलेली होडी दिसली. त्या डोळ्यांनी होडी संकट ओळखते, असा तिथला समज. आईला तो लगेच पटला. तिथून फिरत फिरत आम्ही बंदराच्या आतल्या अंगाला गेलो. सिसिलीहून पावणेदोन तासांत येणारी फेरी तिथे लागते. ती नुकतीच लागली होती. तिथे पाट्या नव्हत्या. एक बाई धावत जाऊन म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली. कुणी खोकी उतरवत होतं, कुणी उगाच रागवत होतं. दहाएक वर्षांचा एक मुलगा कठड्यावर चढून आत बघत होता.

आईचे मामा असेच बैलगाडी सोडून मालवणच्या पुळणीवर उभे असायचे. पडाव टेकायच्या आत ते तिला नावाने हाक मारायचे.

मी घड्याळ दाखवलं. परतायला अर्धा तास उरला होता. आईने कठड्यावरचा हात काढला नाही.

"थांब रे जरा. त्या पोराचो कोणतरी येवचो आसा."