सही कोणाची?

वकिलाच्या घरी कोणताही कागद आला, की तो आधी वकिलाच्या हाती जातो. आमच्या पुतणीला फोंड्याच्या एका इस्पितळात मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी तांबी बसविण्याच्या संमतीचा कागद आला. वहिनींनी तो आमच्यापुढे धरला. "भावोजी, सही कोणी करायची? जावयांनी की विहीणबाईंनी?"

कायद्याचे उत्तर सोपे होते. सही पुतणीची, पतीची लागत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. अपत्यासंबंधीचा निर्णय हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते २००९ साली. घरांना याहून अधिक वेळ लागतो.

पुतणीने कागद बाजूस ठेवला आणि परिचारिकेलाच विचारले. दूध आटेल काय? तांबीने आटत नाही. मग आजच घाई का? प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसविता येते. ती वेळ टळली तर ६ आठवडे थांबावे. नको झाली तर? काढता येते. दुसरा उपाय? दर ३ महिन्यांनी घ्यावयाची सुई, पण अंगावर पाजणाऱ्या आईला ती ६ आठवड्यांनंतरच. किंवा 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळी. पाजते आहे तोवर दिवस राहत नाहीत, असे विहीणबाई म्हणाल्या. त्यात तथ्य आहे, पण बाळ ६ महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस केवळ आईचे दूध आणि पाळी न आलेली, या तिन्ही अटी पाळल्या तरच.

ते प्रश्न ऐकताना आम्ही ओशाळलो. आमच्या धाकट्याच्या जन्मानंतर पत्नीच्या शस्त्रक्रियेचे आम्ही आणि आमच्या मातोश्रींनी व्हरांड्यात उभ्या उभ्या ठरविले होते. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते. ती आम्हाला सुचलीही नाही. पत्नीने मुकाट्याने सही केली. कागद निर्दोष होता. पुढे कितीतरी वर्षांनी ती एकदाच म्हणाली, "मी कदाचित होच म्हटले असते. पण कुणी विचारले नाही."

देवळात कौल लावला, की पाकळी पडेपर्यंत आपण श्वास रोखून बसतो. देवाच्या वतीने उत्तर देत नाही. घरातल्या बाईच्या वतीने मात्र सहज देतो.

पुतणी म्हणाली, "काका, आज नको. ६ आठवड्यांनी मी स्वतः येऊन सांगेन."

वहिनींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही कागदाची घडी घातली आणि तिच्या उशाशी ठेवली.