फैयाजबाई बेळगावात आल्या तेव्हा

नाटकवेड्या माणसाला पुण्या-मुंबईच्या वाऱ्या चुकत नाहीत. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आमच्या बेळगावातच भरलं, आणि अध्यक्ष साक्षात फैयाज! १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'तली झरीना. तरुणपणी रेडिओवर त्यांची पदं ऐकून वेड लागलेलं.

वडगावातले माझे शेजारी, घरात कन्नड बोलणारे विणकर, एक दिवस माग बंद ठेवून सोबत आले. गर्दीत बाईंचं दर्शन लांबूनच झालं. परतताना विचारलं, "कळलं काय भाषण?"

"सगळं नाही बघा साहेब. पण आवाज कळला की."

सीमाप्रश्नावर आमचं दोघांचं कधीच जमलं नाही. नाटकावर मात्र शेवटपर्यंत जमलं. आज ते नाहीत.

मंडळी, तुमच्यापैकी कोण कोण होतं त्या मांडवात? जरूर लिहा.