भाजीचा रंग आणि गावचे बियाणे

वनस्पती रंगद्रव्ये तयार करतात ती स्वतःच्या गरजेपोटी; त्यांपैकी काही सूर्यप्रकाशातील ऊर्जा पकडतात, काही प्रखर उन्हापासून पेशींचे रक्षण करतात, आणि हीच द्रव्ये आहारातून पोटात गेली की त्यांतील अनेकांचा माणसालाही उपयोग होतो. गाजर व लाल भोपळा यांना नारिंगी छटा देणाऱ्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, टोमॅटोची लाली लायकोपीनमुळे येते, वांग्याच्या सालीत आणि जांभळ्या शेंगांच्या वालात अँथोसायनिन असते, तर लाल माठ व बीट यांचा रंग बीटालेन या वेगळ्याच गटातील द्रव्यांचा असतो. हिरव्या पालेभाज्यांतही कॅरोटीन भरपूर असते, मात्र हरितद्रव्याखाली ते झाकले जाते. त्यांतील ल्युटीन दृष्टिपटलाच्या मध्यभागी साठते.

या द्रव्यांचा लाभ मिळवण्यासाठी ती गोळीतून घ्यावीत, असे मात्र नाही. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. भाजीत रंगद्रव्यांबरोबर तंतू, फॉलेट, पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व एकत्र येतात, आणि जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खाण्याची शिफारस करते.

हे वैविध्य ताटात येण्यासाठी ते आधी शेतात असावे लागते, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका याचे मोलाचे उदाहरण आहे. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा यांसह अनेक पिकांचे गावरान वाण जपले, बायफ संस्थेच्या साहाय्याने बीजबँक उभी केली, आणि त्यांच्या कार्याचा २०२० साली पद्मश्रीने गौरव झाला. त्यांच्या संग्रहात वालाच्या एकाच पिकाचे शेंगांचा आकार व रंग यांनी वेगळे ओळखू येणारे वाण आहेत. बाजारात एकसारख्या मालाला भाव मिळतो म्हणून असे वाण शेतातून हद्दपार झाले, तर त्यांच्यासोबत आहारातील रंगद्रव्यांचे प्रकारही घटतात.

स्वयंपाकाची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. कॅरोटीन चरबीत विरघळते, त्यामुळे तेलाची फोडणी आणि शेंगदाण्याचा कूट ते शोषले जाण्यास मदत करतात. अँथोसायनिन, बीटालेन व क जीवनसत्त्व पाण्यात उतरतात, म्हणून नेहमीच्या भाज्या कमी पाण्यात शिजवाव्यात आणि ते पाणी ओतून देऊ नये. काही रानभाज्या मात्र उकळून पाणी टाकल्याशिवाय खाण्याजोग्या होत नाहीत, त्यामुळे त्यांची ओळख व कृती जाणत्या बायकांकडूनच शिकावी. अंगणवाडी व शाळांच्या परसबागांत गावरान बियाणे पोहोचवणे, ही म्हणूनच शेतीइतकीच सार्वजनिक आरोग्याचीही जबाबदारी ठरते.