शब्दांवर मालकी कुणाची?

‘गोलपिठा’ १९७२ साली आलं. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ती लिहिताना तेंडुलकरांना त्यातले कितीतरी शब्द अडले, नामदेवाला अर्थ विचारावे लागले. दोस्तहो, जरा विचार करा. एवढा मोठा मराठी नाटककार, आणि त्याच मुंबईत रोज बोलली जाणारी भाषा त्याला परकी! तेंडुलकरांनी निदान विचारलं. बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावला.

नामदेव ढसाळ आपल्याच जिल्ह्यातला. खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचा, जन्म १५ फेब्रुवारी १९४९ चा. बाप मुंबईत खाटिकाच्या दुकानात कामाला, म्हणून पोरगं ढोर चाळीत, गोलपिठ्यात वाढलं. पुढं टॅक्सी चालवली. समीक्षक त्याच्या कवितेला प्रयोग म्हणतात. वृत्त नाही, ओळ गद्यासारखी धावते, बंबइया हिंदी, जुगार-दारूच्या अड्ड्यांची, वेश्यावस्तीची बोली, आणि तिच्याच मांडीला मांडी लावून जड संस्कृत शब्द. प्रयोग आहेच. पण त्यातले अडलेले शब्द नामदेवानं बनवले नव्हते. ते गल्लीत होते, माणसं त्या शब्दांत जगत होती, मरत होती. त्यानं फक्त पुस्तकाचं दार लाथेनं उघडलं.

मी मिलमध्ये रिंग खात्यात आहे. शाळा नववीपर्यंत. डॉफर, बॉबिन, भोंगा, खाडा, हे माझ्या तोंडातले शब्द. एका संमेलनात माझी कविता ऐकून एक गुरुजी म्हणाले, “आशय चांगला आहे, भाषा तेवढी शुद्ध करून घे.” तेव्हा ‘गोलपिठा’ माझ्या डब्याच्या पिशवीत होतं. रातपाळीत पुन्हा वाचलं. कवितेतला एकही शब्द बदलला नाही.

आता दुसरी बाजू. इथं लोणी काळभोरात आम्ही पोरं रविवारी वाचायला बसतो. नामदेवाचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, “तो नको. तो शिवसेनेकडं गेला.” हे खोटं नाही, आणि झाकायचं तर मुळीच नाही. १९७२ ला राजा ढाले, ज. वि. पवार आणि नामदेव यांच्या पिढीनं दलित पँथर उभी केली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरकडून, जी १९६६ ला ओकलंडला निघाली होती. जानेवारी १९७४ ला वरळीची दंगल झाली. पँथर तिथं शिवसेनेशी आणि पोलिसांशी भिडले. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव शहीद झाला. त्याच साली आंबेडकरवाद की मार्क्सवाद या वादात पँथर फुटली. १९७६ ला, ऐन आणीबाणीत, नामदेवाचं इंदिरा गांधींवरचं ‘प्रियदर्शिनी’ आलं. आणि पुढं तोच माणूस ‘सामना’त सदर लिहू लागला. भागवतच्या रक्ताची आठवण असणाऱ्याला हे गिळवत नाही. मलाही नाही. घरातला हिशेब वेगळाच. मलिका अमर शेख यांनी १९८४ च्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये या संसारात सोसलेलं सगळं उघड लिहिलं. क्रांतीची भाषा करणाऱ्या प्रत्येक पुरुषानं ते वाचलं पाहिजे.

अमेरिकेतला काळा कवी अमिरी बराका ९ जानेवारी २०१४ ला गेला, नामदेव १५ जानेवारीला. मध्ये सहा दिवस. बराका आधी न्यूयॉर्कच्या बीट कवींत वावरला. १९६५ ला माल्कम एक्सचा खून झाला, तसा तो हार्लेमला गेला, काळ्यांचं नाट्यगृह काढलं. १९७४ च्या सुमारास मार्क्सवादी झाला. त्याच्याही कवितेवर ज्यूद्वेषाचा आरोप झाला, आणि २००३ ला न्यू जर्सीनं राजकवीचं पदच रद्द केलं. भूमिका त्यानंही बदलल्या. पण काळ्यांच्या बोलीची, जाझची लय त्यानं कागदावर आणली, ती कुणाला परत घेता आली नाही.

माझं म्हणणं एवढंच. ‘गोलपिठ्या’तले शब्द नामदेवाच्या मालकीचे नव्हते. ते गल्लीचे होते. जे त्याच्या मालकीचं नव्हतं ते तो कुणाच्या दारात नेऊन गहाण कसं ठेवील? तो गेला, शब्द गेले नाहीत. ते त्याच्यामागं टाकून दिले, तर गुरुजींची शुद्ध भाषा तेवढी उरते, आणि तिच्यात आपल्याला जागा नव्हती.

म्हणून नामदेवाला मखरात बसवू नका. बाबासाहेबांनी विभूतिपूजेबद्दल बजावलंय ते आठवा. त्याला उकिरड्यावरही टाकू नका. प्रत्येक पुस्तकावर साल लिहा, त्या साली तो कुठं उभा होता ते शेजारी लिहा, आणि वाचा. मग वही उघडून आपापल्या खात्याचे, वस्तीचे, आयांच्या तोंडचे शब्द लिहा. अर्थ विचारायला कुणी आलं तर सांगू. नाही आलं तरी लिहू.

जयभीम.