मुंगळ्यांची गुरे

गुळाच्या ढेपेला लागलेला मुंगळा शहरातल्या गृहिणींच्याही चांगला ओळखीचा आहे. पण त्याचा खरा संसार पाहायचा, तर साताऱ्याहून एस.टी.ने पूर्वेकडे निघावे. पुसेगाव मागे पडले की दहिवडी-म्हसवडकडे माळ लागतो, आणि माळावर बाभळी.

माघातल्या एका दुपारी अशाच बाभळीखाली मी टेकलो होतो. शेजारी मेंढरे राखणारे एक बाबा बसले होते. खोडावरून काळ्याभोर मुंगळ्यांची रांग लागली होती.

“पावनं, वर बघा की,” बाबा म्हणाले, “त्येंची बी ढोरं हायती.”

कोवळ्या फांदीला काट्यांसारखे तपकिरी किडे चिकटले होते. त्यांना चक्क दोन शिंगे! इंग्रजीत त्यांना ‘काऊ-बग’च म्हणतात. हा किडा झाडाचा रस पितो. मुंगळ्याने मिशांनी चुचकारले की तो गोड थेंब सोडतो. या दुभत्याच्या मोबदल्यात मुंगळा त्याची राखण करतो, आणि तीही कडक. त्याला नांगी नसते. पण जबडा असा की ओढून काढू गेल्यास धड हाती येते अन् मुंडके बोटाला तसेच राहते.

आपण ‘तो मुंगळा’ म्हणतो खरे. पण ही राबणारी सारी फौज माद्यांची! नर येतात ते पंख लावून, लग्नापुरते. (वाचकभगिनींना यात नवल वाटणार नाही.)

आटपाडी, विटा करीत तासगावला उतरलो. इथे बाभळीऐवजी द्राक्षबागा, आणि दुभते जनावर म्हणजे पिठ्या ढेकूण, बागाईतदारांचा ‘मिलीबग’. कापसासारखा हा किडा घडात शिरला की चिकटा सुटतो, त्यावर काळी बुरशी धरते, आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. त्याला खाणारा एक भुंगा १८९८ साली ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला गेला. पण मुंग्या-मुंगळे त्याला आपल्या गुरांजवळ फिरकू देत नाहीत.

“मिलीबग परवडला साहेब,” बागेचे मालक म्हणाले, “ह्ये राखणदार आवरत न्हाईत.”

प्रत्येक खोडाला त्यांनी चिकट पट्टी गुंडाळली होती. पट्टीखाली मुंगळे मिशा हलवीत थबकले होते. वर एका घडात पांढरे दिसत होते; मालकांनी कात्री घेऊन तो घड कापला आणि पिशवीत टाकून तिचे तोंड घट्ट बांधले.