रिकामा डबा

"टाळ असा काय वाजतोय रे? पाण्यात भिजवून ठेवल्यासारखा?" आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

भीमसेन जोशींची 'अभंगवाणी' लावून मी ऐटीत सोफ्यावर बसलो होतो. दोनच दिवसांपूर्वी घरातला जुना प्रीअ‍ॅम्प काढून तिथे मी स्वतः बनवलेला पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्प बसवला होता. 'बनवलेला' हा शब्दही जरा जास्तच, कारण त्यात बनवण्यासारखं काही नसतं. एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा, मागे आरसीए सॉकेट, पुढे सीडी आणि टेप निवडायचा स्विच आणि आवाज कमीजास्त करायचं एक पोट. (दुकानात सगळे 'पोट'च म्हणतात. 'शंभर के चं पोट द्या' हे ऐकून आईला दर वेळी हसू येतं.) ना ट्रान्सफॉर्मर, ना आयसी, ना भिंतीतल्या प्लगशी संबंध. तपकीर गल्लीत एका दुपारी सगळं सामान मिळालं.

जुन्या प्रीअ‍ॅम्पशी माझं भांडण बरीच वर्षं चाललं होतं. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक गुणगुण यायची. बाकी हिशेबही मला पटत नव्हता. सीडी प्लेअर पूर्ण जोरात २ व्होल्टच्या आसपास देतो आणि माझ्या पॉवर अ‍ॅम्पला पूर्ण ताकद लावायला साधारण तेवढेच पुरतात. म्हणजे मध्ये वाढवायचं काही नाहीच, फक्त कमी करायचं. तरी हा प्रीअ‍ॅम्प येईल त्याची चौपट करायचा. आमटीत आधी पाणी ओतायचं आणि मग तीच आटवत बसायची, असा प्रकार. त्यामुळे आवाजाचं बटण जेमतेम हलवावं लागे, आणि इतक्या खाली पोटाच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. रात्री हळू आवाजात लावलं की गायक मधली जागा सोडून डाव्या स्पीकरच्या मांडीला मांडी लावून बसायचा.

म्हणून हा रिकामा डबा. जे नाहीच ते आवाज काय बिघडवणार? पहिल्या रात्री गुणगुण गेली, गायक मध्ये आला, आणि मी घरात दोनतीनदा तरी बोलून दाखवलं की जगातला सर्वोत्तम प्रीअ‍ॅम्प म्हणजे प्रीअ‍ॅम्प नसणं.

आणि आता हा टाळ.

आईला मी आधी उडवून लावलं. मग तीच चकती हळू आवाजात ऐकली, तर टाळ स्वच्छ! पुन्हा मोठा केला, पुन्हा ओला. आई स्वयंपाकघरातून ऐकते, म्हणून तिच्यासाठी आवाज नेहमी मोठा असतो, आणि खोट तिथेच होती. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या हॉलमध्ये सीडी प्लेअर आणि हा डबा एका टोकाला, पॉवर अ‍ॅम्प दुसऱ्या टोकाला स्पीकरजवळ, मध्ये भिंतीच्या कडेकडेने नेलेली ६ मीटर केबल. शील्डच्या केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स धरा, म्हणजे ६००. शंभर के चं पोट अर्ध्या व्होल्टेजवर आलं की वरचा भाग ५० किलोओहम आणि खालचा ५०. केबलच्या बाजूने पाहिलं तर ते दोन्ही समांतर, म्हणजे २५ किलोओहम. एवढ्या रोधामागून ती केबल भरायची आणि रिकामी करायची म्हणजे १०,६०० हर्ट्झपाशीच आवाज ३ डेसिबल खाली येतो. त्याच्या वर टाळाची बरीचशी लखलख. बटण खाली आणून व्होल्टेज दहावा हिस्सा केलं की तोच रोध ९ किलोओहम होतो आणि ती मर्यादा २९,००० हर्ट्झच्या पलीकडे जाते. माझा निर्गुण निराकार डबा आवाजाच्या बटणाबरोबर सूर बदलत होता, आणि दोष मी आईच्या कानावर ढकलला होता.

उपाय स्वस्त निघाला. शंभर के चं पोट काढून दहा के चं घातलं. आता अगदी वाईट जागीही रोध अडीच किलोओहम, म्हणजे ६ मीटर केबलची काही बिशाद नाही. टाळ परत आला. आईला सांगितलं तर म्हणाली, "मी काय म्हटलं होतं?"

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण कपाटात बाबांच्या कॅसेट होत्या. आकाशवाणीवरच्या मैफली त्यांनी रेडिओवरून उतरवून घेतलेल्या, पाठीवर शाईने तारीख आणि राग. डेकच्या माहितीपत्रकात ५० किलोओहमचा भार सांगितला होता. मी त्याच्या गळ्यात दहाचा बांधला. शिवाय तो मुळात अर्धा व्होल्टसुद्धा देत नाही. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी यमन शेजारच्या फ्लॅटमधून यावा तसा. ज्या चौपटीला मी आमटीतलं पाणी म्हणत होतो, ती टेपसाठी होती. जुन्या प्रीअ‍ॅम्पची चूक एवढीच, की तो सीडीलाही टेपच्याच मापाने वाढायचा.

मग एका दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे गेलो. सगळी कहाणी ऐकून त्यांनी फक्त विचारलं, "पोटाच्या मागे बफर का नाही घालत?" म्हणजे एनई५५३२ सारखा एक ऑपअ‍ॅम्प, वाढ शून्य, जितके व्होल्ट आत तितकेच बाहेर. तो पोटाकडून जवळजवळ काही घेत नाही आणि पुढच्या केबलला हवं ते देतो. टेप लावली की एका स्विचने त्याच आयसीची वाढ चौपट. पोट पुन्हा पन्नास के चं, म्हणजे डेकही खूश. ट्रान्सफॉर्मर मात्र त्यांनी डब्यात घेऊ दिला नाही. वेगळ्या डबीत, हातभर लांब. जुन्या प्रीअ‍ॅम्पची गुणगुण बहुतेक ट्रान्सफॉर्मरमुळेच येत होती, आयसीला उगाच बोल लावू नकोस, म्हणाले.

तरी मनात किडा होताच. शुद्ध ते शुद्धच ना! म्हणून दहा के चा रिकामा डबा आणि हा बफरवाला, दोन्ही सीडीवर लावून पाहिले. ४०० हर्ट्झचा सूर वाजवून मल्टीमीटरने दोन्हींचा आवाज सारखा केला, कारण जरासा मोठा असला की तोच चांगला वाटतो, हा अनुभव फार जुना. बायको माझ्या पाठीमागे केबल बदलायची आणि मी सांगायचं कोणता. दहापैकी सहा वेळा बरोबर आलो. नाणं उडवूनही तेवढे आले असते, असं ती म्हणाली, आणि त्यावर मला काही सुचलं नाही.

रिकामा डबा आता माझ्या अभ्यासाच्या खोलीत आहे. तिथे सीडी प्लेअर आणि पॉवर अ‍ॅम्प एकावर एक, मध्ये अर्ध्या मीटरची केबल. तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही. हॉलमध्ये बफर.

काल बाबांची कॅसेट लावली. स्विच चौपटीवर टाकला, टेपची सळसळ आधी आली, मग निवेदिकेचा आवाज, मग तानपुरे. मी बटण थोडं आणखी वर नेलं.

"कमी कर जरा," आई आतून म्हणाली. "कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात मला."