कोंबडा अंगावर येतो तेव्हा

अंडी खायला कोंबडा लागत नाही. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडं घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. शहरात आपण ट्रेमधून आणतो ती बहुतेक अंडी अशीच असतात. अंड्यांसाठी वाढवलेल्या त्या जातींमध्ये नर पिल्लांचा काही उपयोग नसतो, म्हणून हॅचरीत ती बहुधा पहिल्याच दिवशी मारली जातात. त्यामुळे माझ्या ऑफिसातल्या अनेकांनी चवताळलेला कोंबडा पाहिलाय तो रीलमध्येच. कुणीतरी जिवाच्या आकांताने पळतंय, मागे कोंबडा, आणि कॅमेऱ्यामागून हसण्याचा आवाज.

आजऱ्याजवळच्या आमच्या घरी कोंबड्याने आजीच्या पोटरीत काटा घुसवला, तेव्हा कुणी हसलं नाही. आजीला वीस वर्षांपासून शुगर आहे. जखम दिसायला तुरीच्या दाण्याएवढी होती. ती भरायला सात आठवडे लागले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, एक दिवसाआड ड्रेसिंग झालं. भावकीतल्या एकाच्या पायाचा अंगठा अशाच एका साध्या जखमेपायी गेलेला. ते सगळ्यांना आठवत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

कोंबड्याच्या पायाला मागच्या बाजूने जो काटा असतो तो साधं नख नव्हे. आत हाड असतं, वर शिंगासारखं कठीण कवच. वय वाढेल तसा तो लांब आणि अणकुचीदार होतो. कोंबडा चोचीने टोचतो ती निव्वळ धमकी. खरा वार करताना तो उडी मारून दोन्ही पाय पुढे फेकतो. काटा खोल जातो, आणि त्याच पायाने तो दिवसभर उकिरडा उकरत असल्यामुळे जखमेत काय काय जातं ते सांगायला नको. साबण-पाण्याने भरपूर धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. हळद दाबून बसायचं नाही.

वडील त्याच संध्याकाळी सुरी शोधायला लागले होते. आजीने थांबवलं. "त्येचं काम करतोय त्यो," म्हणाली. "ह्येच्या आधीचा गरीब हुता. मुंगसानं चार कोंबड्या न्हेल्या, ह्यो आपला चुलीमागं."

आजी म्हणते त्याला शास्त्राचाही आधार आहे. कोंबडा दाणा दिसला की आधी स्वतः खात नाही. विशिष्ट आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो. घार दिसली तर त्याचा इशारा वेगळा, जमिनीवरून मुंगूस किंवा कुत्रं आलं तर वेगळा. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१च्या सुमारास कोंबड्यांमधली चोची मारण्याची उतरंड मांडली. कोण कुणाला टोचणार आणि कोण निमूट बाजूला होणार, हे कळपात ठरलेलं असतं. कोंबडा वयात आला, म्हणजे साधारण चार-सहा महिन्यांचा झाला, की अंगात हार्मोन्स चढतात आणि तो या उतरंडीत स्वतःची जागा शोधायला लागतो. अंगणात रोज वावरणारा माणूसही त्याच्या हिशेबात येतो.

मी सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टीमवर काम करतो. तिथे एक जुना पेच आहे: अलार्म फार संवेदनशील ठेवला तर रात्री उगाच दहा वेळा उठावं लागतं, आणि सैल सोडला तर खरी आपत्ती निसटते. कोंबड्यासमोरही हाच पेच असतो. बाईमाणसाची साडी फडफडली तरी अंगावर धावून जाणारा कोंबडा मुंगसावरही धावतो. आपण ज्याला माज म्हणतो आणि ज्यासाठी त्याला पाळतो, ते एकच आहे.

मग करायचं काय? आधी इशारा ओळखायचा. कोंबडा एकदम हल्ला क्वचितच करतो. तो एक पंख खाली पाडून तिरका-तिरका चालत येतो, मानेची पिसं फुलवतो, उगाचच जमीन टोचतो. अशा वेळी पळायचं नाही, कारण पळणारा हरला असा त्याचा अर्थ. लाथही मारायची नाही, कारण लाथ म्हणजे आव्हान स्वीकारलं असा अर्थ. जागेवर शांत उभं राहायचं आणि मध्ये झाडू, बारदान, डालगं असं काहीतरी धरायचं. त्याच्यासमोर कोंबडी धरायची नाही. ती ओरडली की संपलं. अंड्यांसाठी किंवा पकडण्यासाठी रात्री जायचं, अंधारात कोंबड्या थंड असतात. आई कोंबड्याला रात्री खुराड्यातून काढायची, पंख दाबून काखेत धरायची आणि तो अंग सैल सोडेपर्यंत तशीच बसून राहायची. काट्याचं फक्त टोक कापून कानशीने बोथट करायची. जास्त कापलं तर रक्त येतं.

बोकड, खोंड, गाय यांच्या बाबतीतही पहिला प्रश्न एकच: हे जनावर घाबरलंय, की आपल्याला प्रतिस्पर्धी समजतंय? दूध काढताना लाथ झाडणारी गाय बहुधा पहिल्या प्रकारातली असते. कासेला सूज असेल, सडाला चीर असेल, नाहीतर माणूस आवाज न देता मागून गेला असेल. गाईला बाजूचं खूप दिसतं, पण नेमकं शेपटीमागचं दिसत नाही. तिला मारून काही साधत नाही, उलट ती पान्हा चोरते. बोकड दुसऱ्या प्रकारातला. करडू लहान असताना पोरं त्याच्या कपाळाला तळहात लावून ढकलतात, तेही ढुशी देतं, सगळ्यांना मजा वाटते. वर्षाने तेच करडू चाळीस किलोचं होतं आणि खेळ तोच समजतं. खोंडाचं तर याहून अवघड. एडवर्ड प्राइस आणि वॉलॅक यांनी १९९० मध्ये हेरेफर्ड जातीच्या बैलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर वासरांपासून वेगळे ठेवून माणसाच्या हातावर वाढवलेले बैल माणसांशी जास्त आक्रमक निघाले. आईवेगळ्या वासराला घरच्या पोरासारखं वाढवलं, तर मोठेपणी ते आपल्याला बैलच समजण्याची शक्यता असते. म्हणून त्याचेही लाड करावेत, पण दुसऱ्या वासरांच्या सोबतीने.

एवढं सगळं करूनही काही कोंबडे निवळत नाहीत. आमचा त्यातला होता. आईने परसात जाळी मारली, दाणे बाहेरून टाकायला लागली. कोंबडा सुरक्षित, आजीही सुरक्षित. पण गेली पन्नास वर्षं आजीचा दिवस खुराडं उघडण्यापासून सुरू व्हायचा. आता ती जाळीच्या अलीकडे खुर्चीवर बसून आईला सूचना द्यायची, आणि आई त्यातल्या निम्म्या ऐकायची नाही.

पुढे आषाढात बहीण मुलाला घेऊन राहायला येणार, असा फोन आला. भाचा तीन वर्षांचा. त्या रात्री जेवताना आजी आपणहून म्हणाली, "माज्या पायाचं झालं ते झालं. त्यो उडी मारतोय तितं पोराचं डोळं येत्यात." विषय संपला. श्रावण लागायच्या आत कोंबडा कापला. रस्सा झाला, आजीने दोन वाट्या घेतला, आणि हाडं मोडताना एवढंच म्हणाली की राखणीला चांगला होता.

त्याची तीन पोरं तेव्हा मिसरूड फुटायच्या वयातली होती. तुरा नुकता लाल व्हायला लागलेला, आरवणं घोगरं. स्वभाव बराचसा रक्तातून येतो. झुंजीचा असील कोंबडा माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडूनच तयार केला, मग उलट्या दिशेनेही निवडता यायला हवं. आजीने जाळी काढायला लावली आणि हातात काठी घेऊन ती रोज सकाळी तिघांमधून चालायला लागली. कोण वाट सोडतो, कोण मान फुलवून उभा राहतो, ते बघत. नुसता वाट सोडणाराही तिला नको होता. मूठभर ज्वारी टाकून ती थांबायची, कोण कोंबड्यांना बोलावतो आणि कोण आपलाच घसा भरतो ते बघायची.

दोन महिन्यांनी तिने एक ठेवला. उरलेले दोघे आठवडी बाजारात गेले. ठेवलेला आता सहा महिन्यांचा आहे. परवा फोनवर विचारलं, कसा आहे? "गुणाचा वाटतोय," आजी म्हणाली, "पर काटा अजून फुटायचाय."